गोल्फ नको, पण गोल्फची रीत तरी आणा

तीन रविवारांपूर्वीची गोष्ट. सकाळचे पावणेसात. आमचे आप्पा नेहमीप्रमाणे मैदानाला फेऱ्या मारत होते. वय ७८. सगळी हयात गिरणीत उभं राहून गेली, त्यामुळे पाय अजून भक्कम. पाच फेऱ्या झाल्याशिवाय चहा घेत नाहीत. चौथ्या फेरीला एक बॉल थेट कानाच्या मागे बसला. टेनिस बॉलच, पण आपल्याकडे स्पर्धांना वापरतात तो जड. आप्पा मटकन खाली बसले, चष्मा फुटला. तीन टाके पडले, बाकी काही नाही. नशीब म्हणायचं.

ज्या पोराने फटका मारला तो पळून गेला नाही, हे आधी सांगतो. बॅट टाकून धावत आला. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. चेहरा पांढरा पडलेला. "काका, चुकून लागलं ओ." मी तापलेलो होतो. म्हटलं, "बॉल येतोय म्हणून ओरडता येत नव्हतं का बे?"

तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओरडायचं असतंय का, काका?"

उद्धटपणाने नाही, खरंच विचारत होता. तीन आठवडे झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाही. त्याला कव्हर ड्राईव्ह येतो, हेलिकॉप्टर शॉट येतो, मोबाईलवर बघून यॉर्करही शिकलाय. पण समोरून माणूस चाललाय आणि बॉल त्याच्याकडे निघालाय, तर ओरडायचं असतं, हे त्याला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घराजवळचं मैदान धरा, फार चुकणार नाही.

पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. दोन दिवसांत फिरायला येणाऱ्या मंडळींनी एक अर्ज तयार केला. मागण्या तीन. मैदानाला पूर्ण कुंपण आणि गेटला कुलूप. आत यायला महिन्याचा पास. आणि मोकळं क्रिकेट बंद, फी भरून येणाऱ्या अकॅडमीच्या मुलांनाच जाळीत सराव. पन्नासेक सह्या झाल्या. त्यात तिसरी सही माझी आहे.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. कानामागे पट्टी लावून बसले होते. म्हणाले, "मग ती पोरं कुठं खेळायची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता डोकं गोल्फपर्यंत गेलं. हसू नका, सांगतो.

गोल्फशी माझा पहिला संबंध ७ ऑगस्ट २०२१ ला आला. तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने टोकियोत सुवर्णपदक घेतलं. पण सकाळी अख्खा देश टीव्ही लावून बंगळुरूच्या अदिती अशोककडे बघत होता. तिची बॅग उचलायला मैदानात तिची आईच होती. एका फटक्याने पदक हुकलं, चौथी आली. त्या ऑलिम्पिकमध्ये पुण्याचा उदयन मानेही खेळला होता. आणि आम्ही? बातमीत मी लिहून गेलो की 'सर्वात कमी गुण मिळवणारा विजयी ठरतो'. संपादकांनी विचारलं, "कमी गुणवाला जिंकतो म्हणजे काय रे, ही काय गोल्फची एटीकेटी आहे का?" गुण नाही, फटके मोजतात, हे तेव्हा कळलं.

ती लाज मनात होती. म्हणून गेल्या हिवाळ्यात पुण्याला गेलो असताना, डिप्लोमाच्या वर्गातला एक मित्र आता बऱ्या कंपनीत आहे, तो म्हणाला "चल, सरावाच्या रेंजवर नेतो," तर गेलो. वाटलं होतं, काठी हातात देतील, दोन-चार बॉल मारू, फोटो काढू. शिकवणाऱ्या सरांनी पहिला अर्धा तास मला बॉलला हातच लावू दिला नाही.

आधी उभं कुठं राहायचं ते. मारणाऱ्याच्या मागे नाही, अगदी समोर नाही, काठीच्या घेराच्या बाहेर. समोरचा फटक्याला उभा राहिला की बोलायचं नाही, हलायचं नाही. रेंजवर मारायची एक ओळ असते. सगळे थांबल्याशिवाय त्या ओळीच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही, स्वतःचा बॉल दोन फुटांवर पडलेला असला तरी. आणि बॉल माणसाच्या दिशेने निघाला, तर क्षणही न घालवता पोटातून ओरडायचं, "फोर!" लाजायचं नाही. सर म्हणाले, बॉल आपला आहे, तर आवाजही आपलाच पाहिजे.

मग काठी धरायला शिकवलं. एका हाताची करंगळी दुसऱ्या हाताच्या तर्जनीत अडकवायची. पकड सैल, हातात चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी. जोर लावायचा नाही, नजर बॉलवर आणि अंग फिरवायचं. मी आपल्या क्रिकेटच्या सवयीने हाणायला गेलो आणि बॉल जागेवर, गवताचा टवका मात्र दहा फूट लांब. सर हसले नाहीत. म्हणाले, "आता तो टवका आणा, खड्ड्यात बसवा, पायाने दाबा. नसेल बसत तर वाळू भरा. मागून येणाऱ्याचा बॉल तुमच्या खड्ड्यात अडकायला नको."

मागून येणारा. त्या दिवशी हा शब्द मी दहा वेळा ऐकला असेल. वाळूच्या खड्ड्यात उतरलात तर बाहेर येताना आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने मोडून यायचे, मागून येणाऱ्यासाठी. हिरवळीवर बॉल आदळून खळगा पडला तर तो उचलून सपाट करायचा, मागून येणाऱ्यासाठी. तुमचा बॉल हरवला तर शोधायला तीनच मिनिटं. आधी पाच होती, २०१९ च्या नियमांत तीन केली. तुम्ही हळू खेळताय आणि मागचे जोरात येताहेत, तर बाजूला होऊन त्यांना हात करायचा, 'जा पुढे'. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक गंमत. या खेळात बहुतेक वेळा अंपायर नसतोच. आपला बॉल कुठं, आपले फटके किती, हे आपणच सांगायचं आणि सोबत्याने कार्डावर लिहायचं. बॉबी जोन्स म्हणून अमेरिकेचा फार मोठा खेळाडू होऊन गेला. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये फटक्याच्या तयारीत असताना त्याचा बॉल किंचित हलला. कुणाला दिसलं नाही. पंचांनीही निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली, आणि प्लेऑफमध्ये एका फटक्याने तो हरला. लोक कौतुक करायला लागले, तर बँक लुटली नाही म्हणून कुणाचं कौतुक करतात का, अशा अर्थाचं तो म्हणाला, असं सांगतात.

हे सगळं काही कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नव्हतं. गोल्फच्या नियमांच्या पुस्तकात २०१८ पर्यंत पहिला विभागच शिष्टाचाराचा होता. फटका नंतर, वागणं आधी. २०१९ मध्ये पुस्तकाची मांडणी बदलली, पण कसं वागायचं हे आजही पहिल्याच नियमात आहे.

आता तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आत जायला लाखांत पैसे लागतात, मग शिस्त काय, कुणीही पाळेल. अठरा होलच्या एका मैदानाला शंभर-सव्वाशे एकर तरी जागा जाते आणि गवताला पाणी लागतं ते वेगळंच. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी बघितलेल्या सोलापूरकराला हिरवळीचं स्वप्न विकायला मी आलेलो नाही. कोरड्या मुलखात, लष्कराच्या छावण्यांतून वगैरे, हिरवळीऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूवर खेळायची पद्धत होती. त्याला 'ग्रीन'ऐवजी 'ब्राऊन' म्हणत. तेही असो. सोलापूरला गोल्फचं मैदान व्हावं ही माझी मागणी नाही.

भिंतीचंही खरं आहे. ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब आपल्याच देशात, कोलकात्यात, १८२९ चा. हा खेळ आपल्याकडे साहेबाबरोबर आला आणि कितीतरी वर्षं भिंतीआड राहिला. आपल्या माणसाला आत प्रवेश होता तो बॅग उचलायला आणि गवत कापायला. पण त्याच वाटेने काय माणसं आली बघा. अली शेर दिल्लीत कॅडी होता. १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या त्या जुन्या क्लबात गवताची निगा राखायचे. पोरगं बघून बघून शिकलं, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकलं आणि रिओ ऑलिम्पिकला गेलं. म्हणजे गुण भिंतीच्या दोन्ही बाजूंना होता. फाटक एकाच बाजूला उघडत होतं.

आणि आता आमच्या अर्जात आम्ही काय मागितलंय? तेच फाटक. ज्याच्याकडे पास तो आत, ज्याच्याकडे अकॅडमीची फी तो जाळीत. बाकीच्यांनी रस्त्यावर खेळा. रस्त्यावर बॉल कुणाच्या कानामागे बसेल आणि पोरगं कशाखाली जाईल, हे बघायला आम्ही थोडेच तिथे असणार?

मला यातून वाट दिसली ती गोल्फच्याच गावात. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, गोल्फचं माहेरघर. मी गेलेलो नाही, पण खेळाच्या बातम्या लिहिणाऱ्याला ते माहीत असतंच. तिथलं जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स हे मैदान कुठल्या क्लबच्या मालकीचं नाही. ती गावाची जमीन आहे. १९७४ पासून कायद्याने नेमलेला ट्रस्ट ती सांभाळतो. पहिल्या आणि अठराव्या होलमधून चक्क रहदारीचा रस्ता जातो. माणसं चालत असली की खेळणारे थांबतात. आणि रविवारी तिथे सहसा गोल्फ बंद. त्या दिवशी गावातले लोक त्या गवतावर फिरायला जातात, पोरं खेळतात, कुत्री धावतात. ज्या मैदानावर एकदा खेळायला मिळावं म्हणून जगभरातून लोक विमानाने येतात, ते रविवारी गावासाठी मोकळं!

म्हणजे भिंत आणि शिस्त यांचा काही संबंध नाही. माझ्या मते तर उलटंच आहे. जागा सगळ्यांची असते तिथेच रीत जास्त लागते. भिंतीआड चारच माणसं असली तर कसंही वागून चालतं. जिथं फिरणारा म्हातारा, पळणारी पोलीस भरतीची पोरं, टेनिस बॉलच्या चार टीम आणि योगा करणाऱ्या बायका एकाच वेळी असतात, तिथं रीत नसेल तर दोनच गोष्टी होतात. आधी टाके, मग टाळे.

आपल्याकडे मोकळी मैदानं आहेत, रीत नाही. गोल्फ क्लबात रीत आहे, मैदान मोकळं नाही. मला दोन्ही पाहिजे. आणि रीत आणायला ना शंभर एकर लागतात, ना उजनीचं पाणी.

माझं म्हणणं पाच गोष्टींत सांगतो.

पहिली, ओरडा. बॉल माणसाकडे निघाला की मारणाऱ्याने, बॉलरने, जो बघेल त्याने "बॉल!" म्हणून ओरडायचं. आणि ऐकणाऱ्याने वर बघत बसायचं नाही, डोक्यावर हात घेऊन खाली वाकायचं. फिरायला येणाऱ्यांनीही हे शिकायला पाहिजे. कानात इअरफोन घालून फिरणाऱ्याला कुणीही वाचवू शकत नाही.

दुसरी, तोंड फिरवा. आमच्या मैदानावर पिच अशी आहे की सरळ मारलेला फटका फिरायच्या पट्ट्यावर जातो. स्टंप पंधरा पावलं सरकवले आणि दिशा बदलली तर तोच फटका भिंतीला लागेल. मी परवा स्वतः पावलं मोजून आलो. खर्च शून्य.

तिसरी, खड्डा भरा. स्टंपची भोकं, रनअपला उकरलेली माती, जाताना पायाने दाबून जा. आणि हे फक्त पोरांना सांगू नका. लग्नाचे, सभांचे, प्रदर्शनांचे मांडव उठतात तेव्हा मैदानात खुंट्यांचे खड्डे आणि खिळे कोण ठेवून जातं? मोठी माणसंच ना? पोरं बघूनच शिकतात.

चौथी, वाट द्या. चौघे चौघे हातात हात घालून पट्टा अडवून चालणारे आपण, आणि पळणारा पोरगा मागून आला की त्यालाच ओरडणारेही आपणच. हळू चालणाऱ्याने कडेला व्हावं. टीमनेही तसंच. दुसरे पोरं कठड्यावर वाट बघत बसली असतील तर सहा सहा ओव्हरचे डाव करा, अख्खी सकाळ एकानेच अडवू नका.

पाचवी, आपली चूक आपण सांगा. बॅटची कड लागली असेल तर अंपायरकडे बघू नका, चालायला लागा. गाडीची काच फुटली असेल तर दार वाजवा. तो पोरगा आप्पांजवळ धावत आला, ही त्याच्यातली उपजत रीत होती. ती कुणी शिकवलेली नव्हती. शिकवली असती तर पुढची पायरीही त्याला आली असती.

हे शिकवायचं कुणी? पहिला नंबर कोच सरांचा. शहरात खेळाचे क्लास वाढले, चांगलं आहे. पण पालक विचारतात, "किती दिवसांत सिलेक्शन होईल?" आणि कोच उत्तर देतात. पुण्याच्या त्या सरांसारखा पहिला अर्धा तास बॅटला हात न लावू देणारा कोच आपल्याकडे किती दिवस टिकेल? पालकच दुसऱ्या दिवशी क्लास बदलतील. दुसरा नंबर आपला, पालकांचा. आणि तिसरा आमचा, बातमीदारांचा. जानेवारी २०२४ मध्ये पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हा आम्ही भरभरून छापलं. छापायलाच पाहिजे होतं. पॉली उम्रीगर ज्या गावात जन्मले ते हे गाव. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर ब्राँझ जिंकलं, तेव्हाही जिल्ह्याने छाती फुगवली. पण सकाळी सहा वाजता गावातल्या मैदानावर पोरं कशी खेळतात, त्यांना कोण काय शिकवतं, यावर मी इतक्या वर्षांत एकही बातमी केलेली नाही. आप्पांना टाके पडले तेव्हा आठवलं. ही माझी चूक, पाचव्या नियमाप्रमाणे मीच सांगतो.

काही जण म्हणतील, पोरं ऐकणार नाहीत, कुलूपच बरं. शक्य आहे. सगळी ऐकणार नाहीत. पण आपण एकदा तरी सांगून बघितलं का? न सांगता कुलूप लावणं म्हणजे न शिकवता नापास करणं. आणि एकदा लागलेलं कुलूप निघत नाही, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. आमच्या आप्पांच्या पिढीने गिरण्यांच्या फाटकांवर ते बघितलंय.

गेल्या रविवारी आप्पा पुन्हा फिरायला गेले. नवा चष्मा, जुनी काठी. मी नको म्हणत होतो. ते सरळ पिचजवळ गेले, त्या पोराला बोलावलं आणि म्हणाले, "बाळा, मारायचं ते मार, पण मला हाक मारून मार." पोरं हसली. नंतरच्या तासाभरात तीनदा "बॉल! आजोबा, बॉल!" असा आवाज आला. त्यातला एकदा बॉल आप्पांच्या आसपासही नव्हता, पोरं उगाच ओरडत होती. चालेल. सवय अशीच लागते.

अर्जावर निर्णय घ्यायला येत्या रविवारी सकाळी साडेसातला मैदानावरच बैठक आहे. मी माझी सही मागे घेणार आहे आणि या पाच गोष्टींचा कागद पुढे ठेवणार आहे. ज्यांना कुलूप हवंय त्यांनीही या, त्यांचा राग मला समजतो, माझ्याच घरात टाके पडलेत. मात्र येताना घरातल्या एका पोराला सोबत घेऊन या. बैठक त्यांच्या मैदानाची आहे, आणि आजवर त्यांना कुणी बोलावलेलं नाही.